मंदबुद्धि आरोपी आणि फांशीची शिक्षा

कर्जत तालुक्यांतील कोपर्डी येथें जुलै २०१६ मध्यें एका शाळकरी मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. त्याचा निषेध करण्यासाठीं महाराष्ट्रभर प्रचंड मोर्चे निघाले. २९ नोव्हेंबर २०१७ रोजीं अहमदनगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, सत्र न्यायालयानें तिघांना फांशीची शिक्षा सुनावली. त्या खटल्याचा निवाडा हा येथील विषय नव्हे. परंतु समाज असा संतापलेला असतां एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. उद्यां अशाच एखाद्या खटल्यांत जन्मतः मंदबुद्धि असलेला आरोपी उभा राहिला, तर त्यालाही तीच शिक्षा द्यावी काय?

प्रथम वेड आणि बुद्धिमांद्य यांतील भेद ध्यानांत घ्यावा. वेड हा रोग आहे. तो पुढें केव्हां तरी जडतो आणि उपचारानें कमीही होतो. बुद्धिमांद्य हें बालपणापासूनचें असतें. शरीर वाढतें, पण समज त्या मानानें वाढत नाहीं. हिशेब, परिणामांचा विचार, नित्याचे व्यवहार यांत असा मनुष्य मागें राहतो. त्यावर औषध नाहीं. शिक्षणानें मात्र पुष्कळ सुधारणा होते.

आपलें कृत्य काय आहे किंवा तें वाईट आहे, हें मनोविकृतीमुळें ज्याला कळूंच शकत नव्हतें, तो अपराधी नव्हे, असें १८६० च्या दंडसंहितेचें ८४ वें कलम सांगत असे. तेंच तत्त्व आतां भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमांत आहे. परंतु ही कसोटी फार कडक आहे. मारणें वाईट, एवढें मंदबुद्धि मनुष्यालाही बहुधा ठाऊक असतें. त्यामुळें तो दोषी ठरतो, आणि खरा प्रश्न शिक्षेच्या वेळीं उभा राहतो.

येथें १९८० चा बच्चनसिंग खटल्याचा निकाल मार्गदर्शक आहे. फांशी केवळ विरळांतील विरळ प्रसंगींच द्यावी, असें सर्वोच्च न्यायालयानें त्यांत ठरविलें. शिक्षा सौम्य करण्यास योग्य अशा कारणांची एक यादी डॉ. चितळे या विधिज्ञांनीं न्यायालयापुढें ठेविली होती. आरोपीच्या मनाच्या उणिवेमुळें कृत्याचा दोष जाणण्याची त्याची शक्ति क्षीण झालेली असणें, हें त्यांपैकीं एक. या कारणांना मोठें वजन दिलें पाहिजे, असें न्यायालयानें म्हटलें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २००२ मध्यें मंदबुद्धि व्यक्तीस देहान्त शिक्षा देणें सर्वस्वीं निषिद्ध ठरविलें. असा स्पष्ट निर्बंध भारताच्या कायद्यांत नाहीं. महाराष्ट्रांतील एका बंद्याची फांशी १२ एप्रिल २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रद्द करून त्यास आमरण कारावास दिला. पण तेथें कारण शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मनोरोगाचें होतें.

मंदबुद्धि आरोपीची खरी अडचण अशी कीं, त्याची उणीव दिसून येत नाहीं. विचारणाराला बरें वाटावें म्हणून तो प्रत्येक प्रश्नास होकार देतो. वकिलाला काय सांगावें हें त्याला सुचत नाहीं. भलत्या वेळीं तो हसतो, आणि पाहणाराला तो निर्ढावलेला वाटतो. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाच्या एका प्रकल्पानें २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत फांशीच्या ८८ बंद्यांपैकीं ११ टक्के बुद्धिमांद्य असलेले आढळले.

म्हणून ही तपासणी शिक्षेपूर्वींच व्हावयास हवी. आरोपीच्या मानसिक स्थितीची माहिती खटल्याच्या कामींच मिळवावी, असें सर्वोच्च न्यायालयानें मे २०२२ मध्यें बजाविलेंही आहे. ती मिळविणें अवघड नाहीं. मानसशास्त्रज्ञाची परीक्षा, शाळेंतील जुनी नोंद, शिक्षकाची आठवण, आईचें सांगणें, यांतून बालपणापासूनची उणीव उघड होते. अशा मनुष्याला मोकळें सोडावें, असें कोणी म्हणत नाहीं. समाजाच्या रक्षणासाठीं त्याला जन्मभर बंदींत ठेवितां येतें. उणीव मागाहून कळली, तर बंदिवासाचा पुनर्विचार होऊं शकतो. फांशी दिल्यावर तो करण्यास कोणी उरत नाहीं.