जंजिऱ्याच्या पाठीशी कोण होते?

पाम बीच रस्ता बेलापूरला जिथे संपतो, तिथे नवी मुंबई महापालिकेच्या मुख्यालयापलीकडे खाडीकाठी बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे चौघे इथे नांदून गेले. या खाड्यांमधून आणि मुंबईच्या बंदरातून कोणाची गलबते फिरणार, यावरून त्यांच्यात पिढ्यानुपिढ्या झुंज चालली. त्या झुंजीतले सगळ्यात चिवट ठाणे मात्र बेलापूर नव्हते. ते होते दक्षिणेला, मुरूडजवळ राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरचे एक लहानसे खडकाळ बेट, जंजिरा.

तैवानच्या सामुद्रधुनीतल्या चिनी कवायतींच्या बातम्या आपण दूरदेशीच्या म्हणून वाचतो. बलाढ्य सत्तेच्या दारात एक बेट आहे, ते आपला कारभार आपण चालवते आणि ती सत्ता त्याला आपल्यात घेतल्याशिवाय स्वस्थ बसत नाही, हा पेच कोकण किनाऱ्याने मात्र जवळून पाहिला आहे. साम्य दाखवतानाच एक मोठा फरक सांगितला पाहिजे. जंजिऱ्याचा सिद्दी किनाऱ्यावर उतरून गावे लुटत असे, माणसे पकडून नेत असे. तैवान कोणाच्या किनाऱ्यावर उतरत नाही. शिवाजी महाराजांचे जंजिऱ्याशी वैर होते ते मुख्यतः रयतेच्या या छळामुळे, आणि त्यांची बाजू न्यायाची होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरीही जंजिरा पडला नाही. का? आपल्याकडे याची उत्तरे ठरलेली आहेत. पाण्यातून सरळ वर चढलेली तटबंदी, कलालबांगडीसारख्या लांब पल्ल्याच्या तोफा, खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव. हे सगळे खरे आहे, पण अपुरे आहे. १६७० च्या सुमारास मराठ्यांनी जंजिऱ्याची अशी कोंडी केली होती की तिथला सरदार फत्तेखान बेट स्वाधीन करायला तयार झाला. तट तोच होता, तोफाही त्याच होत्या. फत्तेखानाच्या साथीदारांनी त्यालाच बाजूला सारले, औरंगजेबाकडे धाव घेतली आणि मुघलांची चाकरी पत्करली. सिद्दी संबळ मुघलांचा दर्यासारंग झाला. सुरतेच्या महसुलातून आरमाराचा खर्च मिळू लागला, सुरतेहून जहाजे येऊ लागली. त्या दिवसापासून मराठ्यांची लढाई एका बेटाशी राहिली नाही, ती दिल्लीच्या खजिन्याशी झाली. १६७१ मध्ये शिमग्याच्या रात्री सिद्दी कासीमने किनाऱ्यावरचे दंडाराजपुरी मराठ्यांकडून परत घेतले. बेटावर मारा करायची जागाच हातून गेली.

महाराजांनी मग जंजिऱ्यासमोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. त्याला रसद वेळेवर पोचवली नाही म्हणून एका ब्राह्मण सुभेदाराला त्यांनी जानेवारी १६७५ मध्ये लिहिलेले खरमरीत पत्र प्रसिद्ध आहे. आरमारी चौकी किती नाजूक असते, एक खेप चुकली तर काय होते, हे त्या पत्राइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते. लाय पाटलासारख्या सोनकोळ्याने जिवावर उदार होऊन तटाला शिड्या लावण्याचा प्रयत्न केला. तेही साधले नाही.

मला यात सगळ्यात बोलकी वाटते ती मुंबईच्या इंग्रजांची अवस्था. पावसाळ्यात सिद्दीचे आरमार माझगावच्या आसऱ्याला येई. जागा नाकारली तर मुघल सुरतेची वखार अडवणार. दिली तर सिद्दी तिथून पलीकडच्या मराठी मुलखावर धाडी घालणार आणि महाराज मुंबईचे धान्य नि सरपण तोडणार. मुंबई बेटाचे पोट तेव्हा समोरच्या किनाऱ्यावर भरत होते. इंग्रजांनी दोघांनाही गोड बोलून वेळ काढली. महाराजांनी त्यावर नेमका उपाय शोधला. १६७९ मध्ये त्यांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट ताब्यात घेऊन तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी जहाजे पाठवून अडवायचा प्रयत्न केला, ऑक्टोबरात लढाई झाली, तरी मराठ्यांची लहान, वल्ह्यांवर चालणारी होडकी रात्री-बेरात्री सामान पोचवत राहिली. अखेर इंग्रजांना तह करावा लागला. सिद्दीने शेजारचे उंदेरी बळकावले ते त्यालाच उत्तर म्हणून. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यांत खांदेरी आहे. मुंबईकर, नवी मुंबईकर हे बेट अजून नीट ओळखत नाहीत, याचे वाईट वाटते.

संभाजी महाराजांनी तर समुद्रच बुजवायला घेतला. त्यांचा सरदार कोंडाजी फर्जंद जंजिऱ्यात शिरून दारूकोठार उडवणार होता, तो बेत उघडा पडला आणि त्याला प्राण गमवावे लागले. मग किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडांचा सेतू टाकायचे काम सुरू झाले. १६८२ च्या आरंभी मुघल फौज हसन अलीखानाबरोबर कोकणात उतरली आणि महाराजांना रायगडाकडे परतावे लागले. सेतू राहिला तो राहिलाच. बेट वाचले, कारण त्याच्या मित्राने दुसरीकडे आघाडी उघडली.

आता याच वेळचा तैवान पाहा. कोक्सिंगाने १६६२ मध्ये डचांना तिथून घालवले होते आणि त्याचे वारस चीनच्या नव्या चिंग राजवटीला जुमानत नव्हते. चिंग राजवटीने किनाऱ्यावरची गावेच्या गावे आत हलवली, म्हणजे बेटाला कोणी धान्य विकू नये. त्या लोकांचे जे हाल झाले ते आपल्या कोकणी रयतेच्या हालांपेक्षा कमी नव्हते. जुलै १६८३ मध्ये चिंग सेनानी शी लांगने पेंगहू बेटांजवळ तैवानचे आरमार बुडवले आणि काही आठवड्यांत बेट शरण आले. राजपुरीचा किनारा तोफेच्या टप्प्यात असून जंजिरा टिकला. शंभराहून अधिक किलोमीटर समुद्र मध्ये असून तैवान पडला. त्याच्या पाठीशी कोणी नव्हते.

१९४९ नंतर चित्र उलटले, तैवानच्या पाठीशी आता अमेरिका होती. चीनच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर असलेले, तैवानच्या ताब्यातले किनमन बेट ऑगस्ट १९५८ मध्ये चीनने तोफांनी भाजून काढले. पुढे एक दिवसाआड तोफा चालत, त्यांतून बहुधा प्रचारपत्रके फेकली जात. हा प्रकार १ जानेवारी १९७९ ला थांबला, त्याच दिवशी अमेरिकेने चीनशी रीतसर राजनैतिक संबंध जोडले. मात्र त्याच वर्षी तिने तैवानला स्वसंरक्षणाची शस्त्रे देण्याचा कायदाही केला. १९९५-९६ ची क्षेपणास्त्रे, ऑगस्ट २०२२ च्या कवायती, नंतर जवळपास दरवर्षीचे वेढ्याचे सराव, हे सगळे त्या एका आधाराची परीक्षा पाहण्यासाठी आहे. २०२५ च्या सुरुवातीला चीनच्या नव्या बार्ज दिसल्या. त्या समुद्रतळाशी पाय रोवून उभ्या राहतात आणि एकमेकींना जोडून किनाऱ्यापर्यंत रस्ता तयार करतात. संभाजी महाराजांचा सेतू आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि आपण? आपली स्थिती माझगावच्या इंग्रजांची आहे. न्हावा-शेवा बंदरात उतरणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा चीनमधून येतो. आपल्या फोनमधल्या आणि मोटारींमधल्या चिपांसाठी आपण तैवानकडे पाहतो, कारण जगातल्या सर्वांत प्रगत चिपांपैकी बहुतेक तिथे बनतात. भारत तैवानला देश म्हणून मान्यता देत नाही. तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये तैवानचे आर्थिक व सांस्कृतिक केंद्र मुंबईत उघडले आणि चीनने नापसंती कळवली. दोन्हीकडे दार उघडे ठेवण्यात लबाडी नाही, पण त्याला मुदत असते. ती १६७९ मध्ये खांदेरीवर संपली होती.

जंजिऱ्याची उरलेली कथा लांबलचक आहे. १७३३ मध्ये बाजीरावांनी मोहीम काढली, रायगड परत मिळाला. १७३६ मध्ये चिमाजीअप्पांनी सिद्दी सातला रणात मारले. बेट तेव्हाही राहिले, कारण आता इंग्रज सिद्दीच्या बाजूला होते. पुढे ब्रिटिश छत्राखाली ते संस्थान म्हणून सुखात नांदले. १९४७ मध्ये ब्रिटिश गेले आणि १९४८ च्या सुरुवातीला नानासाहेब पुरोहितांच्या नेतृत्वाखाली म्हसळा-श्रीवर्धनकडचे लोक उठले. नवाबाला विलीनीकरण मान्य करावे लागले. एकही तोफ न उडता जंजिरा मुंबई राज्यात आला.

शेवटचा आधार गेला होता हे त्याचे अर्धे कारण. उरलेले अर्धे कारण असे, की संस्थानातल्या रयतेलाच भारतात यायचे होते. तैवानच्या दोन कोटी तीस लाख लोकांना चीनमध्ये जायचे नाही. १९९६ पासून ते आपला अध्यक्ष स्वतः निवडत आले आहेत, आणि तिथल्या पाहण्यांत लगेच विलीन व्हा म्हणणारे मूठभरच निघतात. म्हणून जंजिऱ्याचा १९४८ चा दाखला देऊन चीनचा दावा कोणी रास्त ठरवू लागला, तर तो मान्य करू नये.