पाणी शहराचं, ओढा शेतकऱ्याचा

न्यूयॉर्क शहराला रोज सुमारे ३८० कोटी लिटर पाणी लागतं आणि त्यातलं बहुतेक पाणी गाळलेलं नसतं. जंतुनाशकाची प्रक्रिया होते, पण गाळण प्रकल्प मध्ये नाही. कॅट्सकिल डोंगर आणि डेलावेअर नदीच्या खोऱ्यातल्या धरणांतून, दोनशे-दोनशे किलोमीटरवरून ते जवळजवळ सगळं उतारानेच येतं.

१९८९ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने नियम केला. नद्या-तलावांचं पाणी गाळून द्या, नाहीतर पाणलोट सुरक्षित आहे हे दाखवून द्या. गाळण प्रकल्पाचा अंदाज सहा ते आठ अब्ज डॉलरच्या घरात गेला, तेव्हा शहराने दुसरी वाट धरली. अडचण एवढीच, की पाणलोटातली बरीचशी जमीन शहराची नव्हतीच. ती वनमालकांची आणि दूधधंदा करणाऱ्या शेतकऱ्यांची होती आणि त्यांच्या मनात शहराबद्दल जुना राग होता. १९१५ च्या अशोकन धरणापासून १९६० च्या दशकातल्या कॅनन्सव्हिलपर्यंत शहराने सक्तीने जमिनी घेऊन गावं बुडवली होती. थडगीसुद्धा उकरून हलवावी लागली. (मुंबईला पाणी पुरवणाऱ्या शहापूर तालुक्यातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.) त्यामुळे १९९० मध्ये शहराने ओढ्यालगतच्या शेतीवर निर्बंधांचा मसुदा काढला, तेव्हा खोरं पेटलं नसतं तरच नवल.

तडजोडीतून १९९३ मध्ये वॉटरशेड अ‍ॅग्रिकल्चरल कौन्सिल ही संस्था उभी राहिली. कचेरी डेलावेअर काउंटीतल्या वॉल्टन गावात, पैसा मुख्यतः शहराचा, कारभार शेतकरी आणि वनमालकांच्या हाती. माझ्या मते सगळी हुशारी या मांडणीत आहे. ज्या शहराने आजोबांचं घर बुडवलं, त्याच्या अधिकाऱ्याला कुणी गोठ्यात येऊ दिलं नसतं. शेजारगावच्या शेतकऱ्याने पाठवलेला माणूस मात्र आत येतो.

आत आल्यावर तो वासरं बघतो. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी लहान वासरांच्या शेणातून पसरतो आणि क्लोरिनला दाद देत नाही; १९९३ मध्येच मिलवॉकीत त्याने चार लाखांच्या आसपास लोकांना आजारी पाडलं होतं. म्हणून वासरांना कोरडी, वेगळी जागा. गुरं ओढ्यात उतरू नयेत म्हणून कुंपण, प्यायला वेगळी टाकी, पलीकडच्या कुरणात जायला दगड घालून पक्का केलेला उतार. शेण टाकायचं तेही कुठल्या शेतात आणि किती, हे आराखड्यात ठरलेलं. नाहीतर त्यातलं फॉस्फरस धरणात जाऊन शेवाळ माजवतं.

पण आज कुंपण घालणारा शेतकरी उद्या जमीन बिल्डरला विकेल, त्याचं काय? तिथे काँझर्व्हेशन ईझमेंट येते. मालकी शेतकऱ्याचीच राहते. तो बांधकामाचा, तुकडे पाडण्याचा हक्क सोडून देतो. बंधनाआधीची आणि बंधनानंतरची किंमत काढतात आणि मधला फरक त्याच्या हातात पडतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात बोजा चढतो तसाच हा प्रकार, फक्त हा बोजा कधीच उतरत नाही. पुढचा खरेदीदार, वारस, सगळे त्याला बांधील. संस्थेचा माणूस नियमित येऊन पाहून जातो, आणि करार मोडला तर कोर्टात जाण्याचा हक्क संस्थेला असतो.

१९९७ च्या जानेवारीत शहर, राज्य, केंद्र आणि खोऱ्यातल्या गावांनी मिळून केलेल्या करारात एक अट निक्षून घातली गेली: जमीन किंवा हक्क घ्यायचे ते राजीखुशीनेच, सक्ती नाही. तरी कुरबूर थांबलेली नाही. डोंगराळ मुलखात सपाट जमीन मुळात थोडी. ती कायमची बांधली गेली तर गावातल्या तरुणांनी घरं कुठे बांधायची, हा गावकऱ्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. पाणी पिणारा दूर बसलेला असतो, ‘कायमचं’ ही अट पाळायची असते ती यांनी.

शिवाय ईझमेंट जमीन वाचवते, धंदा नाही. दुधाला भाव मिळाला नाही तर गोठा रिकामा होतोच. एकदा मिळालेले पैसे कर्ज फेडायला, भावाबहिणींचा वाटा द्यायला किंवा धंदा मुलाच्या हवाली करायला कामी येतात. पण ती दरमहाची मिळकत नव्हे. मुलाने गायी विकल्या, तरी ओढ्याकाठी प्लॉट पाडता येणार नाहीत. शहराला तेवढंच हवं होतं.