सद्वर्तनाचा मुचलका आणि त्याचा भंग

जुनीं निवाडपत्रें व कतबे वाचणारांस हाजीरजामीन व फैलजामीन हे शब्द अपरिचित नाहींत. एक जामीन इसमास बोलावल्या वेळीं हजर करण्याचा पत्कर घेई, दुसरा त्याच्या वर्तणुकीचा. या दोन्ही गोष्टी एकाच मुचलक्यांत गोंविलेल्या पाहावयाच्या असतील, तर १८९८ च्या क्रिमिनल प्रोसीजर कोडाचें ५६२ वें कलम पाहावें. त्याची घडण अर्थात् आपल्याकडील नव्हे; इंग्लंडांत १८८७ सालीं पहिलाच गुन्हा करणारांविषयीं जो कायदा झाला, त्याच्याशीं तिचें साम्य आहे. गुन्हा शाबीत झाला तरी शिक्षा न सांगतां गुन्हेगारास मुचलक्यावर सोडावें, त्यानें ठरलेल्या मुदतींत सद्वर्तनानें राहावें, आणि बोलावणें आल्यास शिक्षा घेण्यास हजर व्हावें, असा त्याचा आशय.

हा मुचलका मोडल्यास काय होतें, याविषयीं सुशिक्षितांतही एक गैरसमज आढळतो. शर्त मोडणें हाच नवा गुन्हा होय व शिक्षाही त्याचीच, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तसें नाहीं. समजा, चोरी शाबीत झालेला एक तरुण दोन वर्षांच्या मुचलक्यावर सुटला आणि विसाव्या महिन्यांत शर्तीविरुद्ध गांव सोडून गेला. न्यायालय त्यास आणवील, त्याचें म्हणणें ऐकेल, आणि शर्तभंगाची खात्री पटल्यास जी शिक्षा देईल ती गांव सोडल्याबद्दल नव्हे, चोरीबद्दल! चोरीचा निर्णय पूर्वींच झालेला. राहिली होती ती फक्त शिक्षा. चांगल्या रीतीनें काढलेले एकोणीस महिने त्या शिक्षेंतून आपोआप वजा होत नाहींत, हेंही लक्षांत ठेवावें. ५६३ व्या कलमांत याहून मधला मार्ग सांगितलेला नव्हता.

तो मार्ग १९५८ च्या केंद्रीय परिवीक्षा कायद्यानें काढला. त्याच्या ९ व्या कलमान्वयें, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावरून वा अन्य रीतीनें भंग झाल्याचें दिसल्यास न्यायालय वॉरंट काढतें, किंवा गुन्हेगारास व त्याच्या जामिनांस समन्स धाडतें. भंग पहिलाच असेल तर मुचलका कायम ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड करतां येतो. तो मुदतींत न भरल्यास मात्र मूळ गुन्ह्याची शिक्षा सांगतां येते. १९५८ सालीं ५० रुपये ही मजुरास जड जाणारी रक्कम होती. तिची जरब आज कितपत उरली, हें वाचकांनींच ठरवावें.

आमच्या मतें भंगाचा सर्वांत कठोर परिणाम तुरुंगाचा नव्हे. त्याच कायद्याच्या १२ व्या कलमानें मुचलक्यावर सुटलेल्यास दोषसिद्धीमुळें येणारी अपात्रता चिकटत नाहीं. परंतु कलमाच्या शेवटीं एक परंतुक आहे: मागाहून मूळ गुन्ह्याची शिक्षा झाल्यास हें संरक्षण जातें. नोकरीची आशा धरणाऱ्या तरुणास हें एक वाक्य कित्येक महिन्यांच्या कैदेहून भारी पडावें. आश्चर्य हें कीं, या परंतुकाचा उल्लेख चर्चेंत क्वचितच येतो.

१८९८ ची पद्धति यानें अगदीं लोपली असें मात्र नव्हे. १९७३ च्या संहितेच्या ३६० व्या कलमांत ती पुन्हा आली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४०१ व्या कलमांतही ती आहे. ५० रुपयांची सवलत तेथें नाहीं.