आरोग्यपच्चा कुणाचा?

केरळच्या दक्षिण टोकाला अगस्त्यमलैचे डोंगर आहेत. 1987 साली वनस्पतींचा शोध घेणारी शास्त्रज्ञांची एक तुकडी तिथे चढत होती. शहरी मंडळींना धाप लागलेली; वाटाडे म्हणून आलेले काणी आदिवासी मात्र कसलीशी बारीक फळे चघळत झपाझप पुढे. काय खाता, असे विचारले तर सांगेनात. ही माहिती जमातीबाहेर द्यायची नाही, असा दंडकच होता. बऱ्याच मनधरणीनंतर त्यांनी झाड दाखवले: आरोग्यपच्चा.

तिरुवनंतपुरमजवळच्या सरकारी वनस्पती संशोधन संस्थेने त्याच्या पानांपासून, आणखी काही वनस्पती मिसळून, ‘जीवनी’ हे शक्तिवर्धक तयार केले आणि कोइंबतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला उत्पादनाचा परवाना दिला. मोबदला 10 लाख रुपये, शिवाय विक्रीवर 2 टक्के. यातला निम्मा वाटा काण्यांना द्यायचे संस्थेने ठरवले. तशी सक्ती करणारा जैवविविधता कायदा देशात 2002 साली आला, म्हणजे हे पाऊल काळाच्या पुढचेच. पैशांसाठी 1997 मध्ये काण्यांचा ट्रस्ट स्थापन झाला. पुढे जगभर या व्यवहाराचे कौतुक झाले.

1997 मध्येच हळदीचे अमेरिकी पेटंट रद्द झाले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालची ती लढाई मराठी वाचकाला ठाऊक आहे. हळदीचे गुण ग्रंथांत आणि छापील लेखांत होते, म्हणून हे ज्ञान जुनेच असल्याचा पुरावा मांडता आला. आरोग्यपच्चाची नोंद कुठल्या पोथीत असणार? ती माणसांच्या तोंडी होती.

आणि तोंडी ज्ञानाचा मालक ठरवायचा कसा, इथेच घोडे अडले. काणी अनेक वस्त्यांत विखुरलेले. औषधांची जाण मुख्यतः ‘प्लाती’ म्हणजे त्यांच्या वैदूंकडे. झाड दाखवले ते मात्र मोजक्या वाटाड्यांनी. इतर भागांतल्या काही प्लातींनी हा सौदा मान्य नसल्याचे सांगितले. आमचे ज्ञान खासगी कंपनीला विकायचा अधिकार कुणी दिला, असा त्यांचा सवाल होता. तो रास्तच म्हणायला हवा. संस्थेची नियत साफ होती, पण आधी सगळ्या वस्त्यांत बसून बोलणे झाले नव्हते. वाटा नंतर देता येतो. संमती नंतर घेता येत नाही.

पुढचा अडसर वनखात्याचा. काही काणी कुटुंबांनी आरोग्यपच्चाची लागवड केली, पण जंगलातली पाने बाहेर विकायला खात्याने हरकत घेतली. झाड दाखवणाऱ्यांनाच त्याचे पान तोडायला परवानगी लागत होती.