उसाचे इंधन : धुराचा आणि पाण्याचा हिशेब

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा पर्यावरणावर होणारा परिणाम दोन ठिकाणी मोजावा लागतो : गाडीच्या सायलेन्सरपाशी आणि उसाच्या शेतात. धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्याचा या दुसऱ्या ठिकाणाशी थेट संबंध आहे. मांजरेच्या काठावरच्या या तालुक्यात ऊस होतो आणि रांजणीच्या नॅचरल शुगर कारखान्यात साखरेबरोबर इथेनॉलही तयार होते.

धुराची मोजणी प्रयोगशाळेत होते. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया म्हणजे ‘एआरएआय’ ही या कामातील देशातील प्रमुख संस्था. तेथे गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या क्रमाने पळवली जाते. वेग वाढवणे, कमी करणे, थांबणे हे सारे रस्त्यावरच्यासारखेच होते. बाहेर पडणारा धूर गोळा करून, दर किलोमीटरला कोणता वायू किती ग्रॅम निघाला हे काढले जाते. इंधन बदलून हीच चाचणी पुन्हा घेतली, की मिश्रणाचा परिणाम कळतो.

अशा चाचण्यांचे निष्कर्ष नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इथेनॉलविषयक अहवालात आहेत. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे इंधन अधिक पूर्णपणे जळते. त्यामुळे २० टक्के मिश्रणावर, म्हणजे ‘ई-२०’ वर, कार्बन मोनॉक्साइड दुचाकींत सुमारे ५० टक्के, तर चारचाकींत ३० टक्के कमी आढळला. इथेनॉलच्या मिश्रणांमुळे हायड्रोकार्बन सुमारे २० टक्क्यांनी घटले. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण मात्र इंजिनाप्रमाणे कमी-जास्त होत राहिले आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड वाढले. ई-२० साठी न बनवलेल्या जुन्या गाड्यांचे मायलेजही थोडे उतरते.

पाण्याचा हिशेब त्याच अहवालात आहे. एक टन उसापासून साधारण १०० किलो साखर किंवा ७० लिटर इथेनॉल मिळते. एक किलो साखरेमागे उसाला १,६०० ते २,००० लिटर पाणी लागते. यावरून उसापासून बनलेल्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी येते. मोटारसायकलमध्ये पाच लिटर ई-२० भरले, तर त्यात एक लिटर इथेनॉल असते. ते उसाचे असेल, तर एवढे पाणी आधीच शेतात खर्च झालेले असते.

मराठवाड्यात हा आकडा कागदावरचा राहत नाही. कळंबच्या खालच्या अंगाला, केज तालुक्यातील धनेगाव येथे मांजरा धरण आहे. लातूर शहर याच धरणावर अवलंबून असते. सलग दुष्काळाने धरण कोरडे पडले, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. म्हणूनच कमी पाण्यावर येणाऱ्या मक्यासारख्या धान्यापासून इथेनॉल बनवणे आणि उसाला पाटाऐवजी ठिबकने पाणी देणे, हे दोन्ही उपाय येथे महत्त्वाचे ठरतात.

हिशेबात वाहतुकीची आणखी एक बाजू आहे. इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. ऊस मात्र कारखान्यापर्यंत प्रामुख्याने डिझेलवरच येतो. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या धुरात काजळीचे सूक्ष्म कण असतात आणि चाकांखालची धूळ हवेत उडत राहते. ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून कडक उत्सर्जन मानके लागू झाली. लहान ट्रॅक्टर त्यांच्या बाहेर राहिले. केंद्राने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात लातूर आणि सोलापूर आहेत. कळंबसारखी तालुक्याची गावे नाहीत.

ई-२० मुळे शहरातील चौकात कार्बन मोनॉक्साइड कमी होतो, हा खरा लाभ आहे. पण त्याची किंमत शेतातल्या पाण्यात आणि उसाच्या वाटेवरच्या धुळीत चुकवली जाते. पेरणीपासून सायलेन्सरपर्यंतची सारी साखळी एकत्र मोजली, तरच इंधन किती स्वच्छ आहे हे ठरवता येते.