रक्षकच भक्षक होतो तेव्हा

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले की फसफसून पांढरा फेस येतो. दवाखान्यात कंपाउंडरकडून फुटलेला गुडघा धुऊन घेतलेल्यांना हा फेस ठाऊक असेल. औषध लागू पडले, अशी आपली समजूत होते. वास्तविक तो फेस आपल्याच रक्तातील कॅटॅलेज नावाच्या प्रथिनाची करामत असते. ते पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू करून टाकते.

१९४६ साली जपानमधील ओकायामा येथे ताकाहारा या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ११ वर्षांच्या एका मुलीच्या जखमेवर हेच औषध ओतले. फेस आलाच नाही; उलट जखम काळी पडली! बाटलीची अदलाबदल झाली असावी, असे त्यांना प्रथम वाटले. पण बाटली बरोबर होती. मुलीच्या रक्तातच कॅटॅलेज नव्हते, आणि तिच्या काही भावंडांतही हाच दोष आढळला.

पेरॉक्साइड बाटलीतूनच येते असे नाही. श्वासातील प्राणवायू वापरताना त्याचा थोडा अंश सुपरऑक्साइड या उपद्रवी रूपात उरतो. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे प्रथिन त्याचे पेरॉक्साइड करते आणि पुढचे काम कॅटॅलेज व त्याचे सोबती उरकतात. हे तांबेयुक्त प्रथिन मान आणि केलिन यांनी १९३८ मध्येच गुरांच्या रक्तातून वेगळे केले होते. पण ते कशासाठी आहे हे कळायला १९६९ साल उजाडले. अमेरिकेत फ्रिडोविच आणि त्यांचा विद्यार्थी मॅकॉर्ड यांनी ते ओळखले. विद्यार्थ्याचे नाव गुरूच्या जोडीने घेतले जाते, याचे मला विशेष वाटते.

मग हे प्रथिन गोळीतून का देऊ नये? कारण पोटात गेलेले प्रथिन डाळीतल्या प्रथिनासारखेच पचून जाते.

पण खरा पेच पुढेच आहे. एएलएस या रोगात स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मरतात. हातपाय लुळे पडतात, शेवटी श्वासही थकतो. १९९३ मध्ये असे दिसले, की हा रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या काही घराण्यांत या डिसम्यूटेजचेच जनुक बिघडलेले असते. रक्षक कमी पडला म्हणून रोग झाला, असा तर्क कोणीही करील. उंदरांनी तो खोटा पाडला. ज्यांच्यात हे प्रथिन मुळीच नव्हते, त्यांना तसा पक्षाघात झाला नाही. स्वतःचे चांगले प्रथिन शाबूत असूनही ज्यांच्यात माणसाचे बिघडलेले जनुक घातले, ते मात्र लुळे पडले. म्हणजे दोष उणिवेचा नव्हता. वेडीवाकडी घडी पडलेले प्रथिन गोळे होऊन साचते आणि तेच पेशीला मारक ठरते.

त्यामुळे उपचारही उलट दिशेने निघाला. टोफर्सेन हे औषध कमरेतून मणक्याच्या पाण्यात टोचतात. ते या प्रथिनाची निर्मितीच घटवते. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तीही सशर्त. २८ आठवड्यांच्या चाचणीत रुग्णांची ताकद टिकल्याचे स्पष्ट दिसले नव्हते. चेतापेशींच्या नाशाची खूण असलेले एक प्रथिन रक्तात घटले, एवढाच आधार होता. आणि एएलएसच्या शंभर रुग्णांत हे जनुक बिघडलेले असे सुमारे दोनच निघतात.