सुकाळात घ्यायचा निर्णय

रमजान आला की मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब मांडला जातो. ठरावीक मर्यादेहून अधिक असलेली बचत चांद्र वर्षभर टिकली, तर तिचा अडीच टक्के हिस्सा गरजूंचा. अडचण कुणावर कधी येईल हे माहीत नसते, पण हिस्सा मात्र आधीच ठरलेला असतो.

पवित्र कुरआनच्या बाराव्या अध्यायात हजरत युसूफ (अलै.) यांची कथा आहे. मिसरच्या बादशहाला स्वप्न पडते: सात धष्टपुष्ट गायींना सात रोडक्या गायी खातात. तुरुंगातले युसूफ त्याचा अर्थ सांगतात. सात वर्षे भरपूर पेरा, खाण्यापुरते काढा आणि बाकीचे धान्य ओंब्यांतच ठेवा. पुढची सात वर्षे दुष्काळाची आहेत.

युसूफना वर्षांचा आकडा ईश्वरी ज्ञानाने कळला होता. इतर राज्यकर्त्यांना तो कळत नाही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी 1921 मध्ये हाच फरक मांडला. फाशाच्या दानाची शक्यता मोजता येते, तो धोका. जिचा हिशेबच मांडता येत नाही, ती अनिश्चितता. तिथे कोठारात किती ठेवायचे? जास्त ठेवले तर आजच्या भुकेल्याच्या ताटातले कमी होते. कमी ठेवले तर उद्या माणसे मरतात. दोन्ही चुकाच, पण सारख्या नाहीत. कुजलेले पोते पुन्हा पिकवता येते, गेलेला जीव परत येत नाही.

कोठाराची जबाबदारी मागताना युसूफ आपले दोन गुण सांगतात: राखण करणारा आणि जाणकार. नुसता प्रामाणिकपणा पुरत नाही, नुसती हुशारीही नाही. पुढे दुष्काळात बाहेरच्या मुलखातून आलेल्यांनाही धान्य मिळते, माणशी एका उंटाच्या ओझ्याच्या मापाने.

महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळात हाच प्रश्न अनुभवला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेत गरजू कोण, हे साहेबाने ठरवायचे नव्हते. काम मागेल त्याला काम. 1975 मध्ये नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर आला, तो या योजनेच्या खर्चासाठी. 1977 मध्ये हमीचा कायदा झाला. पुढचा दुष्काळ कोणत्या तालुक्यात पडेल हे कुणालाच सांगता येत नव्हते, पण पगारातून कपात दर महिन्याला होत राहिली.

संकट दारात आल्यावर वाटणी ठरवायला बसले, तर ज्याचा आवाज मोठा त्याचे फावते. पोट भरलेले असताना ठरवलेला नियम दुबळ्याच्या कामी येतो. म्हणूनच फितराही ईदच्या नमाजआधी पोहोचवायचा असतो. नमाजनंतर दिलेले दान दानच असते, पण गरिबाच्या चुलीवर तोवर काही शिजलेले नसते.